डोक्यातली यादी

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०. वर्षभरात ज्याच्या खात्यात जास्त गुण, तो आजारी पडण्याची शक्यता जास्त, असा त्यांचा हिशोब होता. ही यादी जगभर गाजली. ताण येतो तो मोठं काही घडल्यावर, ही समजूत तिच्यामुळे आणखी पक्की झाली.

१९८१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्याच गोष्टी मोजल्या. त्यांच्या यादीत ११७ किरकोळ कटकटी होत्या. वस्तू सापडेनाशी होणं, वाढती महागाई, घराची डागडुजी, घरातल्या कुणाची तरी नरमगरम तब्येत, आणि ‘करायची कामं फारच जास्त’ हीसुद्धा. शंभर मध्यमवयीन माणसं दर महिन्याला या यादीवर खुणा करत राहिली. निष्कर्ष असा निघाला की माणसाला किती मानसिक त्रास होतोय याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या रोजच्या कटकटींवरून जास्त नेमका बांधता येतो.

यामागचं एक कारण आपल्याला आजूबाजूला पाहूनही कळतं. घरात मृत्यू झाला की त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी पिठलंभात घेऊन येतात, नातेवाईक जमतात, ऑफिसातून रजा मिळते. मोठ्या दुःखासाठी समाजाने व्यवस्था करून ठेवली आहे. पण सासूबाईंची साखर तपासायची राहिली आहे, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर उद्या चार्टपेपर आणायला सांगितलंय, सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा आहे, गॅस संपत आलाय आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत तक्ता हवाय, या सगळ्यासाठी कुणी पिठलंभात घेऊन येत नाही. यातली एकेक गोष्ट इतकी छोटी असते की तिची तक्रार करायलाही संकोच वाटतो. केलीच, तर उत्तर ठरलेलं असतं, ‘टेन्शन घेऊ नकोस.’ हा सल्ला मायेने दिलेला असतो हे खरं, पण तो ऐकणाऱ्याच्या हातात काहीच देत नाही. शिवाय ताण ही त्याने स्वतः घेतलेली वस्तू आहे, असा ठपका नकळत त्याच्यावर ठेवून जातो.

शरीरात नेमकं काय होतं ते आधी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी, नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांनी मांजरांच्या पोटातलं पचन पाहत होता. मांजर घाबरलं किंवा चिडलं की त्याच्या जठराची हालचाल तिथल्या तिथे थांबते, हे त्याच्या लक्षात आलं. पुढची बरीच वर्षं कॅननने याच धाग्याचा पाठपुरावा केला आणि १९१५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, ही आज शाळकरी मुलांनाही माहीत असलेली गोष्ट तिथून आली. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत अॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धडधडतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, यकृत साखर मोकळी करतं, पचनासारखी लांबणीवर टाकता येणारी कामं थांबतात. त्यापाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं आणि अर्ध्या तासाच्या सुमाराला शिखर गाठतं. अॅड्रेनलिन काही मिनिटांत ओसरतं, कॉर्टिसॉल रेंगाळतं.

वाटेत साप दिसला तर ही यंत्रणा जीव वाचवते. साप निघून जातो आणि तासा-दोन तासांत शरीर पूर्ववत होतं. अडचण अशी की हीच यंत्रणा साहेबांच्या ‘जरा येऊन भेटा’ या मेसेजवरही चालू होते, ट्रेन चुकली की चालू होते, रात्री अकरा वाजता उद्याच्या डब्याची भाजी आणायची राहिली हे आठवलं की चालू होते. साप एकदा दिसतो, मेसेज दिवसभर येत राहतात. एक लाट ओसरायच्या आत दुसरी येते आणि शरीराला परतायला वेळच मिळत नाही. ब्रूस मॅक्इवेन या मेंदूशास्त्रज्ञाने १९९३ साली या साचत जाणाऱ्या झिजेचा सिद्धांत मांडला. ताण येणं शरीराला झेपतं, पण ताणाची यंत्रणा बंदच न होणं झेपत नाही, हा त्याचा गाभा. रक्तदाब चढा राहतो, झोप विरळ होते, पोट बिघडतं, सर्दीखोकला लवकर गाठतो.

ही झीज किती प्रत्यक्ष असते हे १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये दिसलं. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरून यायला किती दिवस लागतात ते मोजलं. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान होता, पण आजारी माणसाचं सगळं करणाऱ्या आपल्या आया, बायका, सुना आठवल्या की या नऊ दिवसांकडे मला नुसता आकडा म्हणून पाहता येत नाही.

मग ज्याच्यावर काम जास्त त्याला ताण जास्त, इतकं ते सरळ आहे का? तसं नाही, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना गोंगाटात बसवून काम करायला लावलं. गोंगाटही खासा होता. दोघं स्पॅनिशमध्ये बोलताहेत, एक जण आर्मेनियनमध्ये, त्यात टाइपरायटर, हिशोबाचं यंत्र आणि प्रती काढायचं यंत्र, सगळं एकदम आणि कधी सुरू होईल याचा नेम नाही. काही जणांना एक बटण दिलं होतं. फारच असह्य झालं तर हे दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं त्यांना सांगितलं. बटण जवळजवळ कुणीच दाबलं नाही. म्हणजे दोन्ही गटांनी सारखाच गोंगाट सोसला. पण नंतर त्यांना अवघड कोडी आणि मुद्रितशोधनाचं काम दिलं, तेव्हा बटण असलेल्यांनी कोडी सोडवायचे प्रयत्न कितीतरी जास्त वेळ चालू ठेवले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. त्यांना तारलं ते बटण दाबण्याने नव्हे, ते हाताशी आहे या जाणिवेने.

लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाहणीतही हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. १९६७ साली सुरू झालेल्या या व्हाइटहॉल अभ्यासात सुमारे १८ हजार पुरुष कर्मचारी होते. जबाबदारीच्या ओझ्याने हृदयविकार जडतो तो मोठ्या साहेबांना, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. मायकल मारमट आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले तेव्हा चित्र उलटं निघालं. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त होतं. धूम्रपान, रक्तदाब हे सगळं हिशोबात धरूनही मोठा फरक उरत होता. पुढच्या अभ्यासांत त्यामागचं एक ठळक कारण सापडलं, स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा नसणं. काम कधी करायचं, कसं करायचं, आधी कुठलं करायचं, हे ज्याला ठरवता येत नाही, त्याचं हृदय लवकर झिजतं.

आता कामांच्या गर्दीत काही सुचेनासं का होतं, त्याकडे येऊ. दहा कामं समोर आहेत आणि आपण एकही हातात न घेता फोन चाळत बसलो आहोत, असं होतं तेव्हा बहुतेक जण स्वतःला आळशी ठरवतात. त्यात आळसाचा भाग फार थोडा असतो. नेल्सन कोवान या संशोधकाच्या २००१च्या मांडणीनुसार आपण एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी धरून ठेवू शकतो. त्यात येल विद्यापीठातल्या एमी आर्न्स्टेन यांनी दाखवलंय की आपल्या ताब्यात नसलेला ताण, अगदी सौम्य असला तरी, कपाळामागच्या मेंदूच्या भागाचं काम मंदावतो. आखणी करणं, क्रम लावणं, नको त्या विचाराला थोपवणं ही कामं तोच भाग करतो. म्हणजे ज्या वेळी कामांचा क्रम लावायची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी त्याच वेळी क्रम लावणारी यंत्रणा दबलेली असते. शिवाय एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा काही हिस्सा पहिल्यातच अडकून राहतो, हे सोफी लेरॉय यांनी २००९ साली प्रयोगांतून मांडलं. कणीक मळता मळता ऑफिसच्या फोनला उत्तर देणाऱ्या बाईला दोन्हीकडे चूक होईल अशी धास्ती का वाटते, ते यावरून समजतं.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. कामं डोक्यातून काढून कागदावर ठेवणं. बेलर विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी निम्म्यांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायची कामं लिहायला सांगितली, उरलेल्यांना झालेली कामं. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि ज्यांची यादी जास्त तपशीलवार होती त्यांना झोप आणखी लवकर लागली. यादी केल्याने चिंता वाढेल अशी भीती वाटते, प्रत्यक्षात उलट होतं. त्याआधी २०११ साली मासिकॅम्पो आणि बॉमेस्टर यांनी दाखवलं होतं की अपुरं काम मनाला टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची पक्की योजना झाली की टोचणी बरीच थांबते. काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही.

यादी कशी लिहायची यावर बरंच अवलंबून आहे. ‘आईच्या तब्येतीचं बघायचं’ असं लिहिलं तर मन सुटत नाही, कारण त्यात पहिलं पाऊल नाही. ‘मंगळवारी सकाळी नऊला लॅबमध्ये फोन, उपाशीपोटी यायचं का ते विचारायचं’ असं लिहिलं की मन ते कागदाच्या हवाली करतं. लिहून झाल्यावर आज न केलेली चालतील अशी कामं खुणा करून वेगळी काढावीत. मला वाटतं खरा ताबा तिथून परत मिळायला लागतो, कारण काय करायचं नाही हेही आपणच ठरवलेलं असतं.

पण छाती धडधडतेय, हात गार पडलेत, अशा क्षणी कागद हातात घ्यायचं सुचत नाही. तेव्हा शरीराकडूनच सुरुवात करावी लागते आणि त्यासाठी सर्वांत जवळचं साधन श्वास आहे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना कमी होते. त्यामुळे उच्छ्वास लांबवला की हृदयाला सावकाश चालायचा निरोप मिळतो. मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतक्या संथपणे, सोडताना जास्त वेळ घेत, पाच मिनिटं बसायचं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली असा लांब उच्छ्वासाचा रोज पाच मिनिटांचा सराव लोकांकडून महिनाभर करून घेतला, तेव्हा त्यांच्या मनःस्थितीत ध्यान करणाऱ्यांपेक्षाही जास्त सुधारणा दिसली. लोकलमध्ये उभ्या उभ्याही हे जमतं. चालण्याचंही तसंच आहे. शरीराने पळायची तयारी केलेली असते, स्नायूंना थोडं काम मिळालं की ती तयारी सत्कारणी लागते. आणि संध्याकाळच्या चहाबद्दल एक सांगायला हवं. साधारण पाच तासांनंतरही कॅफिनचा निम्मा अंश शरीरात उरलेला असतो. सहानंतर घेतलेला तरतरीचा कप रात्रीच्या झोपेतून वसूल होतो, आणि झोप कमी झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी छोटी अडचणही मोठी वाटते.

काही ओझी उतरवता येत नाहीत. वडिलांचा पार्किन्सन्स जाणार नाही, गृहकर्जाचा हप्ता टळणार नाही, पाऊस आपल्या सांगण्याने पडणार नाही. लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४च्या त्यांच्या पुस्तकात ताण हाताळण्याचे दोन मार्ग वेगळे केले. बदलता येईल त्या परिस्थितीवर काम करणं हा एक, आणि बदलता येत नाही तिथे स्वतःच्या भावनांची काळजी घेणं हा दुसरा. दोन्ही लागतात. गफलत होते ती अदलाबदल झाली की. ऑफिसातल्या अन्याय्य वेळापत्रकावर फक्त प्राणायाम करत राहिलं तर वेळापत्रक तसंच राहतं. वडिलांचा आजार हट्टाने बरा करायला निघालं तर माणूस स्वतः खचतो. जे बदलत नाही त्याच्याशी जगताना दुसऱ्या माणसाची सोबत सर्वांत जास्त कामी येते. २००६ साली जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी विवाहित स्त्रियांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात ठेवून, आता विजेचा सौम्य झटका बसेल, अशी सूचना दिली. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग शांत राहिले. नातं जितकं चांगलं, तितका परिणाम जास्त. भजनी मंडळ, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा कट्टा, लोकलच्या डब्यातल्या रोजच्या मैत्रिणी, यांना वेळेचा अपव्यय समजू नये.

मात्र इतकं सांगून थांबलो तर सगळी जबाबदारी पुन्हा दमलेल्या माणसाच्याच गळ्यात पडते. श्वास घ्या, यादी करा, चाला. आधीच भरलेल्या दिवसात ही आणखी तीन कामं झाली. ताणाचं मूळ पुष्कळदा ओझ्याच्या वाटणीत असतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं. पुरुषांचा हा आकडाही फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांचा आहे. न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत.

शिवाय मिनिटांत न मावणारं एक काम उरतंच. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अॅलिसन डेमिंजर यांनी २०१९ साली ते उलगडून दाखवलं. घरातल्या प्रत्येक कामाआधी कुणीतरी ते लागणार हे ओळखतं, पर्याय शोधतं, ठरवतं आणि नंतर झालं की नाही यावर लक्ष ठेवतं. ठरवण्यात नवरा-बायको दोघंही असतात, पण आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं हे बहुतेक वेळा बायकांकडे असतं. मुलाच्या लसीची तारीख जवळ आली, तांदळाच्या डब्याचा तळ दिसायला लागला, मामेसासऱ्यांच्या पंचाहत्तरीला काय न्यायचं, हे सतत डोक्यात चालू असतं. ‘सांगितलं असतंस तर केलं असतं’ हे वाक्य मराठी घरांत रोज ऐकू येतं. बोलणारा मनापासून बोलत असतो. पण सांगावं लागणं हेच तर काम आहे. भाजी आणून देणारा नवरा हातातलं ओझं कमी करतो. कुठली भाजी, किती, कधी, हे सगळं स्वतः पाहणारा नवरा डोक्यातलं ओझं कमी करतो.

कार्यालयांबाबतही असंच म्हणावं लागेल. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन आणि ईमेलपासून मोकळं राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार मिळाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत अशाच हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. पण रात्री दहाला ग्रुपवर टाकायचा मेसेज सकाळी दहाला टाकण्यासाठी कुठल्याही साहेबाला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

एक सीमारेषा सर्वांनी लक्षात ठेवावी. सलग दोन आठवडे झोप उडाली असेल, एरवी आवडणाऱ्या गोष्टीतही मन रमत नसेल, रोजची साधी कामंही हातून होत नसतील, दारू किंवा गोळ्यांचा आधार घ्यावा लागत असेल, किंवा जगणं नको असं वाटत असेल, तर हा रोजचा ताण राहिलेला नाही. तिथे तज्ज्ञांची मदतच हवी, आणि शेवटचं लक्षण दिसलं तर दोन आठवडे थांबायचंही कारण नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क, मराठीतूनही बोलता येतं.

आणि हे वाचणारे तुम्ही स्वतः फारसे दमलेले नसाल, पण घरात कुणी दमलेलं असेल, तर तुम्हाला एक विनंती आहे. ‘काही मदत करू का?’ असं विचारू नका. घरातलं एक काम निवडा, आईची औषधं असोत, मुलाची शाळा असो की किराणा असो. ते आठवण्यापासून संपेपर्यंत सगळं तुमचं, असं त्या व्यक्तीला सांगा, आणि पुन्हा कधी त्याबद्दल तिला विचारायची वेळ आणू नका.